'स्वयं' की 'आपसात'? : पाण्यावरच्या कणांचा आणि एका शब्दाचा इतिहास

पावसाळ्याच्या तोंडाशी पोंभुर्ण्याच्या परिसरात धानाचे पऱ्हे टाकण्याची लगबग सुरू होते. त्याआधी बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून निवडून घेण्याची रीत आहे. भरलेला दाणा तळाशी बसतो, पोचट दाणा वर येतो आणि तो हाताने काढून टाकला जातो. शेतीच्या दृष्टीने काम येथे संपते. पण घमेल्यापाशी थोडा वेळ रेंगाळणाऱ्यास आणखी एक गोष्ट दिसते. वर आलेले पोचट दाणे विखुरलेले राहत नाहीत. ते दोन-दोन, चार-चार करीत एकमेकांजवळ सरकतात, त्यांचे लहान लहान तराफे होतात आणि त्यांतील काही तराफे काठाशी जाऊन घट्ट चिकटतात. त्यांना कोणी ढकललेले नसते. पाणीही वाहत नसते.

हे दृश्य आम्ही लहानपणापासून पाहत आलो. त्याला इतिहास असेल असे मात्र कधी वाटले नव्हते. निमित्त झाले ते भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्यांचे. महाविद्यालयाच्या विज्ञान-भित्तिपत्रकासाठी त्यांना 'सेल्फ-असेंब्ली' या संज्ञेला मराठी शब्द हवा होता. द्रवाच्या पृष्ठभागावर, किंवा तेल आणि पाणी यांच्यासारख्या दोन द्रवांच्या सीमेवर, अतिसूक्ष्म कण आपले आपण नियमित आकृतिबंधात मांडले जातात. त्या मांडणीचे गणिती प्रतिमान कसे उभारतात, यावर विद्यार्थ्यांचा लेख होता. मराठीच्या माणसाने शब्द द्यावा, इतकीच अपेक्षा. आम्ही फारसा विचार न करता 'स्वयंजुळणी' असे सांगून मोकळे झालो. पुढे काही दिवसांनी पऱ्ह्यांच्या वेळी घमेल्याशी बसलेल्या एका आजींना आम्ही हे दाणे असे का करतात म्हणून विचारले, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "पोचट पान्यावर आपसात जमते." आम्ही 'आपोआप' म्हटले असते. त्यांनी 'आपसात' म्हटले. या दोन शब्दांमधले अंतर नेमके किती, हे पाहण्यासाठी आम्ही जे वाचले, त्याची ही हकिकत. साहित्याच्या वाचकांपुढे ती ठेवण्याचे कारण एवढेच, की प्रश्न मुळात शब्दाचा आहे.

आधी त्या घमेल्यातच थोडे थांबू. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पातळ पडद्यासारखा वागतो. त्याचे क्षेत्रफळ वाढवायचे तर ऊर्जा खर्चावी लागते. तरंगणारी वस्तू त्याला वाकवते. हलक्या, पाण्याने भिजणाऱ्या वस्तूभोवती पाणी किंचित वर चढते. पाण्यावर अलगद ठेवलेल्या टाचणीभोवती ते खाली दबते. हे वाकणे काही मिलिमीटरपर्यंत जाणवते, आणि त्या टापूत दुसरी वस्तू आली की तिला सपाट पृष्ठभागाऐवजी उतार लाभतो. हलका दाणा चढाच्या दिशेने सरकतो, जड टाचणी उताराच्या दिशेने. म्हणून दोन दाणे एकत्र येतात, दोन टाचण्याही एकत्र येतात. पण दाणा आणि टाचणी एकमेकांपासून दूर जातात. घमेल्याच्या भिजलेल्या कडेशी पाणी वर चढलेले असते, म्हणून दाणे काठ धरतात. तेच भांडे काठोकाठ, पाणी कडेच्या वर फुगेल इतके भरले, तर दाणे काठ सोडून मध्याकडे येतात. हा प्रयोग वर्गात पाच मिनिटांत करता येतो आणि आम्ही तो मराठीच्या वर्गात केलाही.

आता एकच दाणा घ्या आणि काठ अगदी दूर आहे अशी कल्पना करा. तो कुठेही जाणार नाही. पाणी त्याच्याभोवती सर्व बाजूंनी सारखेच वाकलेले असते, जायचे कुठे? म्हणजे दाण्याच्या ठायी 'स्वयं' असे काही नाही. जे घडते ते दुसऱ्याच्या उपस्थितीत, आणि दोघांच्या मधल्या पाण्यामुळे घडते. या परिणामाला विज्ञानाच्या साहित्यात 'चीरिओज परिणाम' असे नाव पडले आहे. चीरिओज हा अमेरिकेतील न्याहारीचा कड्यांसारखा पदार्थ. दुधात तो टाकला की त्याची कडी एकमेकांना बिलगतात. डॉमिनिक वेला आणि एल. महादेवन यांनी २००५ साली याच नावाने एक सुबोध निबंध लिहिला. न्याहारीच्या टेबलावरून नाव निघू शकते, तर पऱ्ह्याच्या घमेल्यावरूनही निघू शकले असते. नाव पडण्यासाठी वस्तू पाहणारा पुरेसा नसतो, ती लिहून छापणारा लागतो. असो.

या छापण्याच्या बाबतीतली एक कथा या इतिहासाच्या आरंभीच येते. अग्नेस पोकेल्स ही जर्मनीतील ब्राउनश्वाइगची रहिवासी, जन्म १८६२. स्त्रियांना विद्यापीठाची दारे बंद असण्याचा तो काळ. तिचा धाकटा भाऊ फ्रीडरिश भौतिकशास्त्र शिकत होता, आणि त्याच्यामार्फत तिला पुस्तके मिळत. घरातील आजारी वडीलधाऱ्यांची शुश्रूषा आणि स्वयंपाक सांभाळत तिने विशीच्या आसपास पाण्याच्या पृष्ठभागाचा अभ्यास आरंभला. पत्र्याचे पसरट भांडे, त्यावर आडवी ठेवलेली सरकती पट्टी आणि पृष्ठभागाचा ताण मोजण्यासाठी तराजूला टांगलेले लहान बटण, एवढीच साधने. पट्टी सरकवून पृष्ठभाग आक्रसला की त्यावरील तेलकट अशुद्धी दाटत जाते. ती एका मर्यादेपर्यंत दाटेस्तोवर ताणात फरक पडत नाही आणि ती मर्यादा ओलांडताच ताण झपाट्याने उतरतो, हे तिच्या लक्षात आले. सुमारे दहा वर्षे हे काम घरातच राहिले. जानेवारी १८९१ मध्ये तिने लॉर्ड रॅले यांना जर्मनमधून पत्र लिहिले. रॅले यांचे स्वतःचे काम याच विषयावर चालू होते. त्यांनी पत्राचा इंग्रजी अनुवाद 'नेचर'कडे पाठवला आणि सोबतच्या चिठ्ठीत, एका जर्मन बाईंनी अगदी घरगुती साधनांनी मोलाचे निष्कर्ष काढले आहेत, अशा आशयाची शिफारस केली. मार्च १८९१ मध्ये ते पत्र छापून आले.

विज्ञानाच्या इतिहासातला हा प्रसंग नेहमी रॅले यांच्या उदारतेची गोष्ट म्हणून सांगितला जातो. उदारता होतीच. आम्हाला मात्र त्यात अनुवादाचे कर्तृत्व अधिक जाणवते. तो झाला नसता तर पत्र एका घरातून दुसऱ्या घरात जाऊन थांबले असते. पुढे अर्विंग लँगम्युर यांनी १९१७ साली याच धाटणीचे, पण सुधारलेले भांडे वापरून एका रेणूइतक्या जाडीच्या थरांचा अभ्यास केला आणि १९३२ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी पोकेल्स यांना ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. तेव्हा त्या सत्तर वर्षांच्या होत्या.

पोकेल्स यांच्या भांड्यात थर होता, आकृतिबंध नव्हता. आकृतिबंधाचा धागा दुसरीकडून येतो, आणि तो आमच्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत रंजक आहे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आल्फ्रेड मेयर यांनी १८७८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चुंबकित सुया लहान बुचांमध्ये खोवून त्या पाण्यावर उभ्या तरंगत ठेवायच्या, सर्वांची समान ध्रुवे वर. त्या एकमेकींना दूर लोटतात. वरून एक मोठे चुंबक धरले की त्या सगळ्या मध्याकडे ओढल्या जातात. या दोन विरुद्ध ओढींच्या तडजोडीतून आकृती उमटते. तीन सुयांचा त्रिकोण, चारांचा चौकोन, पाचांचा पंचकोन. सहावी सुई टाकली की मात्र षट्कोन करण्याऐवजी एक सुई मध्ये जाऊन बसते आणि पाच तिच्याभोवती राहतात. सुया वाढवत गेले की वलयात वलय तयार होते.

जे. जे. टॉमसन यांना अणूच्या अंतरंगाचे चित्र हवे होते. १८९७ च्या कॅथोड किरणांवरील निबंधात त्यांनी मेयर यांच्या तरंगत्या सुयांचा आधार घेतला, आणि १९०४ मध्ये धनभारित गोलात इलेक्ट्रॉनांची वलये कल्पिताना तो पुन्हा घेतला. मूलद्रव्यांचे गुणधर्म ठरावीक टप्प्यांनी पुन्हा का येतात, याचे उत्तर वलये भरत जाण्यात असावे, ही त्यांची सूचना. १९११ साली रदरफर्ड यांनी अणुगर्भ मांडला आणि टॉमसन यांचा अणू मागे पडला. म्हणजे पाण्यावरच्या सुयांपासून घेतलेले प्रतिमान चुकीचे ठरले. पण भरत जाणाऱ्या कवचांची कल्पना मात्र वेगळ्या रूपात टिकली. प्रतिमान खोटे ठरूनही त्यातून निघालेला प्रश्न खरा ठरावा, हे समीक्षेच्या अभ्यासकांना अपरिचित नाही.

प्रतिमानाची दिशा उलटीही असू शकते. केंब्रिजमध्ये लॉरेन्स ब्रॅग आणि जॉन नाय यांनी १९४७ मध्ये साबणाच्या पाण्यावर एकाच आकाराचे हजारो बारीक बुडबुडे सोडून त्यांचा तराफा केला. षट्कोनी मांडणीत बसलेले ते बुडबुडे त्यांनी धातूतील अणूंची प्रतिकृती म्हणून वापरले. रांग कुठे तुटते, दोष कसा सरकतो, हे डोळ्यांनी पाहता येऊ लागले. रिचर्ड फाइनमन यांनी आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांच्या दुसऱ्या खंडात तो निबंध जवळजवळ जसाच्या तसा घेतला. पण मग बुडबुडे एकमेकांना का ओढतात, हाच प्रश्न उरला. त्यासाठी निकल्सन यांनी १९४९ मध्ये तरंगत्या वस्तूंमधील ओढीचे गणित मांडले. अणूचे प्रतिमान म्हणून घेतलेल्या बुडबुड्याला आता स्वतःचेच प्रतिमान लागले होते.

निकल्सन यांच्या गणितामागे वजन आणि तरंगशक्ती आहे, आणि येथेच सूक्ष्म कणांपाशी अडचण येते. गोल कण आकाराने लहान होत जातो तसे त्याचे वजन पृष्ठभागाला वाकवेनासे होते. या ओढीची ऊर्जा त्रिज्येच्या सहाव्या घाताने बदलते. म्हणजे त्रिज्या निम्मी केली की ऊर्जेचा चौसष्टावा भाग उरतो. साधारण पाच-दहा मायक्रोमीटरच्या खाली ती इतकी क्षीण होते, की पाण्याच्या रेणूंच्या उष्ण धडपडीपुढे तिचे काही चालत नाही. धानाच्या दाण्याला लागू पडणारे स्पष्टीकरण रांगोळीच्या अगदी बारीक पुडीपाशी लुळे पडू लागते. तरीही सूक्ष्म कण पृष्ठभागावर मांडले जातात, आणि दाण्यांपेक्षा कितीतरी अधिक नेटके. मग कारण दुसरे असले पाहिजे.

कारणे एकाहून अधिक निघाली. पहिली गोष्ट म्हणजे सीमेवर गेलेला कण तेथून सहसा सुटत नाही. दहा नॅनोमीटर त्रिज्येचा कणसुद्धा पृष्ठभागावरून उपटण्यासाठी उष्ण धडपडीच्या हजारो पट ऊर्जा लागू शकते. वॉल्टर रॅम्सडेन यांनी १९०३ मध्ये आणि पिकरिंग यांनी १९०७ मध्ये पाहिले होते की बारीक घन कणांचे कवच तेल आणि पाणी यांचे मिश्रण फुटू देत नाही. नाव मात्र पिकरिंग यांचेच रूढ झाले. दुसरी गोष्ट पावेल पिएरान्स्की यांनी १९८० मध्ये दाखवली. सुमारे पाव मायक्रोमीटर व्यासाचे पॉलिस्टायरीनचे गोल पाणी आणि हवा यांच्या सीमेवर त्रिकोणी जाळीत बसले. पण एकमेकांना चिकटून नव्हे, अंतर राखून. गोलाचा जो भाग पाण्यात असतो त्याच्यावर विद्युतभार येतो, हवेतल्या भागावर येत नाही. त्यामुळे प्रत्येक कण उभ्या द्विध्रुवासारखा वागतो आणि सगळे समांतर असल्याने एकमेकांस लोटतात. वाचकांच्या लक्षात आले असेल: ही मेयर यांच्या सुयांचीच रचना आहे, एकशे दोन वर्षांनंतर आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या आकारात. येथे 'जुळणी' हा शब्दही संकटात येतो. जे एकमेकांना टाळतात, दाटीमुळे दूर पळू शकत नाहीत आणि म्हणून रांगेत उभे राहतात, त्यांना जुळलेले म्हणायचे का?

तिसरे कारण वाळत्या थेंबातून मिळाले. सोफिया येथील क्राल्चेव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जपानमधील नागायामा यांच्यासह, १९९२ च्या सुमारास पाहिले की पाण्याचा थर कणांच्या उंचीपेक्षा पातळ झाला की कणांची डोकी बाहेर येतात, पाणी त्यांच्याभोवती वाकते आणि ते झपाट्याने षट्कोनात आवळले जातात. येथे वजनाचा संबंध नाही, भिजण्याचा आहे. म्हणून ही ओढ लहान कणांपाशीही टिकते. शिवाय कण खडबडीत किंवा लांबट असेल तर केवळ आकारामुळेच त्याच्याभोवतीचे पाणी कुठे वर, कुठे खाली वाकते. पीटर युंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की चहा-कॉफीच्या थेंबाचा डाग वाळताना काठाशी जे गडद कडे उरते, ते कण लांबट असल्यास पडत नाही. लांबट कण पृष्ठभागावरच एकमेकांत अडकून सैल जाळे करतात.

आता प्रतिमानकाराची कसरत कळते. आकर्षण, प्रतिकर्षण, उष्ण धडपड आणि कणाचा आकार यांतील काय ठेवायचे आणि काय वगळायचे, हे त्याने आधी ठरवायचे. मग संगणकावर शेकडो कण सोडून कोणती मांडणी ऊर्जेच्या दृष्टीने सोयीची ठरते हे पाहायचे, किंवा प्रत्येक कणाभोवतीच्या द्रवाच्या प्रवाहाची समीकरणे सोडवत जायचे. सर्वांत सोपी वाट म्हणजे दोन-दोन कणांच्या जोड्या घेऊन बेरीज करणे. पण कण जवळ आले की ही बेरीज चुकू लागते, कारण तिसरा कण येताच पहिल्या दोघांमधल्या पृष्ठभागाचा आकारच पालटतो. जोडीचा हिशेब समूहाला पुरत नाही.

हा इतिहास महाराष्ट्राला बाहेरचा नाही. पुण्याच्या पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते ३ जानेवारी १९५० रोजी झाले. तिचे पहिले संचालक होते जेम्स मॅकबेन. कॅनडात जन्मलेल्या, ब्रिस्टल आणि स्टॅनफर्ड येथे शिकवलेल्या या रसायनशास्त्रज्ञाने १९१३ च्या सुमारास साबणाच्या द्रावणाविषयी एक विचित्र वाटणारी कल्पना मांडली होती: साबणाचे रेणू पाण्यात सुटे न राहता पुंजके करून राहतात. लंडनच्या सभेत अध्यक्षांनी ती निरर्थक म्हणून धुडकावली, अशी आख्यायिका आहे. कल्पना खरी ठरली. त्या पुंजक्यांना आज 'मिसेल' म्हणतात, आणि रेणूंच्या अशा मांडणीचे ते पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. मॅकबेन यांचा आणखी एक प्रयोग आम्हाला फार आवडला. पृष्ठभागावर विरघळलेला पदार्थ अधिक दाटतो, असे गिब्ज यांच्या १८७० च्या दशकातील समीकरणावरून निघत होते. पण ते तपासायचे कसे? मॅकबेन यांनी १९३२ च्या सुमारास वेगाने धावणारे पाते बनवून द्रावणाचा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका वरचा थर खरवडून घेतला आणि त्याचे पृथक्करण केले. दुधावरची साय काढावी तसे. साठी उलटल्यावर हा माणूस पुण्यास आला आणि १९५२ पर्यंत येथे राहिला. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

त्याच प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात मुरली शास्त्री आणि त्यांचे सहकारी पाणी-हवेच्या सीमेवर चांदी-सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचे थर बांधत होते. पद्धत लँगम्युर यांच्या परंपरेतली, म्हणजे अखेर पोकेल्स यांच्या भांड्याची. २००४ साली याच गटाने 'नेचर मटेरियल्स'मध्ये प्रसिद्ध केले की गवती चहाच्या अर्कात सोन्याच्या क्षारापासून पातळ त्रिकोणी पत्रे तयार होतात. आधी गोल कण बनतात, ते जवळ येतात आणि द्रवासारखे एकमेकांत मिसळत जाऊन त्रिकोण घडतो, असे त्यांचे म्हणणे. अंगणातल्या गवती चहाने सोन्याचे त्रिकोण घडावेत, हे वाचून आमच्यातील एकाने लगेच त्यावर ललित लेख लिहायला घेतला होता. तो अपुरा राहिला, हे बरेच झाले.

कारण या विषयात रूपकाचा मोह फार आहे. कण माणसांसारखे जमतात, समाज असाच घडतो, कविता अशीच जुळते, असे म्हणायला वेळ लागत नाही. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये लयीचे संवाद, विरोध आणि समतोल हे जे नियम सांगितले, ते आकर्षण, प्रतिकर्षण आणि ऊर्जेचा समतोल यांवर बसवून दाखवणे एखाद्या विद्यार्थ्याला सहज सुचेल. आमच्या वर्गात ते सुचलेही. आम्ही त्याला हटकले. मर्ढेकरांचा समतोल अनुभवणाऱ्या मनाशी बांधलेला आहे; पाण्यावरच्या जाळीला पाहणारा असो वा नसो, ती तशीच बसते. शब्द सारखा म्हणून गोष्ट सारखी होत नाही. नेमकी हीच चूक आम्हीही केली होती, 'स्वयंजुळणी' देताना.

दिवाळीत पाण्यावरची रांगोळी काढणाऱ्यांना या चुकीची कल्पना असते. पसरट भांड्यातले पाणी पूर्ण स्थिर होईपर्यंत त्या थांबतात, कोळशाची बारीक पूड चाळणीतून अलगद पसरतात, त्या काळ्या थरावर रंग टाकतात. वारा लागू देत नाहीत. बोट तेलकट वा साबणाचे असेल तर थर क्षणात फाटून दूर पळतो, म्हणून मुलांना जवळ येऊ देत नाहीत. कण मांडले जातात ते खरे. पण काठ, स्थिरता आणि स्वच्छ पाणी कोणीतरी राखलेले असते. मेयर यांचे चुंबक आणि पोकेल्स यांची पट्टी यांचे काम तेच.

मग सहकाऱ्यांकडे जाऊन आम्ही शब्द बदलण्याची विनंती केली. 'स्वयं' काढा, 'परस्पर' घाला. 'जुळणी'ऐवजी 'मांडणी' म्हणा. एकमेकांना ओढणारे दाणे आणि एकमेकांना लोटणारे गोल, दोघेही 'परस्परमांडणी'त बसतात, आणि आजींचा 'आपसात' त्यात शाबूत राहतो. सहकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एक हरकत घेतली. "सर, एकटा दाणा काठाकडे जातोच की. तेव्हा परस्पर कोण?" आम्ही म्हणालो, काठ. काठही पाणी वाकवतो, म्हणून दाणा तेव्हा एकटा नसतो. त्यांनी मान डोलावली. पण विद्यापीठाच्या पारिभाषिक कोशाशी मेळ राहावा म्हणून भित्तिपत्रकावर शीर्षकात 'स्वयं'च राहिला, आणि खाली बारीक अक्षरांत, कंसात, विद्यार्थ्यांनी लिहिले होते: 'म्हणजे आपसात'.